परिभाषेचं कीर्तन

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात दर वर्षी चार गुरुवारांची एक व्याख्यानमाला होते. यंदा कार्यवाह ऋताताईंनी ती मला दिली. विषय मीच सुचवला होता: बायबल आणि प्राचीन यहुदी धर्म यांच्या अभ्यासातले मूळ शब्द. त्या हसून नाही म्हणतील आणि मी सुटेन, असा माझा अंदाज होता. त्या हो म्हणाल्या.

मी झिराडकर, बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावावरून लोक मला अलिबागकडचा समजतात आणि त्यात काही चूक नाही. आम्ही घरात मराठी बोलतो, माशाची आमटी खातो, फक्त शनिवारी कामाला हात लावत नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात तांत्रिक पुस्तकांचं ग्रंथालय होतं, तिथे मी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर एक परिभाषाकोश करायला घेतला. तोरा, तनाख, मिद्राश, गालुत, ब्रीत. असल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीत, मराठी माणसाला कळेल असा. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्यातली बहुतेक घरं इस्राएलला गेली. तिकडे हे शब्द सगळ्यांना येतात आणि इकडे कोणाला नको आहेत, असं माझी बायको मिल्का म्हणते. तिचं बरोबर असावं. पण हे शब्द मराठीत, चार माणसांत, एकदा तरी कळलेले मला बघायचे होते.

ऋताताईंनी त्यात आणखी एक गोष्ट घातली. वाचनालय दर वर्षी एक छोटं पुस्तक छापतं. व्याख्यानांना माणसं टिकली तर यंदाचं पुस्तक माझा कोश, असं त्यांच्या कार्यकारिणीत ठरलं होतं.

पहिल्या गुरुवारी माणसं आली. टिकली नाहीत.

मी सगळं लिहून नेलं होतं आणि वाचत होतो. वाचताना मान वर करायचं धाडस झालं नाही. तनाख म्हणजे यहुद्यांचं बायबल, त्याचे तीन भाग, ते कोणत्या काळात प्रमाण मानले गेले, त्याबद्दल अभ्यासकांत काय मतभेद आहेत, हे सगळं मी सांगितलं. मतभेदांना जरा जास्तच वेळ दिला असेल. पहिल्या रांगेतल्या कमळमावशी, मासळी बाजारात उभा जन्म धंदा केलेल्या कोळीणबाई, शांत झोपल्या होत्या. मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. शेवटी मी ब्रीत या शब्दावर आलो आणि म्हणालो, "याला मराठीत करार म्हणतात. देव आणि त्याचे लोक यांच्यातला करार."

तेव्हा केतन उठला. आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीचा तो सेक्रेटरी आहे. त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार, जाणार असं बरेच दिवस चाललंय.

"काका, एक डाउट आहे. करार म्हणजे अ‍ॅग्रीमेंटच ना?"

"हो. म्हणजे तसंच काहीसं."

"मग पार्टी पळून गेली तर? आमचा पहिला बिल्डर पळाला. यांच्यात काय क्लॉज होता?"

सभागृह हसलं. टोमणा माझ्यावर नव्हता, बिल्डरवर होता, हे मला घरी आल्यावर कळलं. त्या वेळी मी कागद चाळले. कागदांत उत्तर नव्हतं. "याचा अधिक विचार करावा लागेल," असं काहीतरी पुटपुटून मी खाली बसलो.

दोन दिवसांनी ऋताताई घरी आल्या. चहा समोर निवत होता तरी त्या कप उचलेनात.

"सर, मी स्पष्टच बोलते. कार्यकारिणी म्हणतेय, उरलेले गुरुवार आरोग्यावरच्या व्याख्यानाला देऊ. गुडघेदुखीवर. मी त्यांच्याकडून तुमच्यासाठी एक गुरुवार मागून घेतलाय."

"देऊन टाका हो," मी म्हणालो. "गुडघे सगळ्यांचेच दुखतात."

"काही देऊ नका," मिल्का आतून म्हणाली आणि पदर खोचत बाहेर आली. "या माणसाने माझं अर्धं आयुष्य त्या शब्दांत घालवलंय. मी एकही शब्द फुकट जाऊ देणार नाही. ऋता, पुढच्या गुरुवारी हे व्याख्यान देणार नाहीत. कीर्तन करणार आहेत."

ऋताताईंनी कप उचलला. मी माझा खाली ठेवला.

आमच्या समाजात बायबलमधल्या गोष्टींची मराठी कीर्तनं होत असत. आमच्या पणजोबांच्या पिढीने ती सुरू केली. शेजारपाजारचे लोक देवळात कीर्तन ऐकत, ते बघून आमच्यातल्या काही शहाण्या माणसांना सुचलं की हिब्रू न येणाऱ्या आपल्या लोकांना धर्म सांगायचा तर असाच सांगावा. साकी, दिंडी, ओवी, सगळं तेच. गोष्ट तेवढी आमची. मिल्काचे वडील उत्तम कीर्तन करायचे, आणि ती स्वतः पेटी धरून बायकांच्या मंडळात गाते. मी मात्र आयुष्यात कधी दोन ओळी मोठ्याने गायलो नव्हतो. प्रार्थनेतसुद्धा माझे फक्त ओठ हलतात.

"मला गाता येत नाही," मी म्हणालो.

"गाणार मी. तुम्ही फक्त सांगा. आणि कागद घरी ठेवा."

तबल्यासाठी राजारामला बोलावलं. राजाराम माझ्याबरोबरच कारखान्यात होता, मशीनवर. बौद्ध. कन्नमवारनगरात त्यांची गाणी म्हणणारी पार्टी आहे आणि चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर तो कोणाला सापडत नाही. आला तो हसतच आला.

"काय रे झिराड्या, कीर्तनकार झालास? वाट लागली मुलुंडची."

"तू वाजवणार की नाही ते सांग."

"वाजवीन की. पण गोष्ट कोणती? राजाबिजाची असेल तर मला झोप येते."

मी त्याला सीनाय डोंगराची गोष्ट सांगितली. मिसर देशात विटा थापणारे गुलाम तिथून निसटतात, वाळवंटात एका डोंगराच्या पायथ्याशी येतात, आणि तिथे देव त्यांच्याशी ब्रीत करतो. त्या काळी असे करार होत ते सम्राट आणि मांडलिक राजे यांच्यात. सम्राट अटी सांगे, मांडलिक राजा मान तुकवी, दगडावर कोरून ठेवत. बायबलमधल्या ब्रीतचा साचा बराचसा तसाच आहे, हे अभ्यासकांनी दाखवलंय. फरक एवढाच की इथे समोर राजा नव्हता. पळून आलेले मजूर होते. त्यांच्या बायका होत्या, म्हातारी माणसं होती, आणि त्यांच्यातल्या एकेकाला विचारलं गेलं, मान्य आहे का.

राजारामने तबला पुढे ओढला. मग तबल्याच्या वादीवर हातोडी ठोकत म्हणाला, "हे तू त्या दिवशी का नाही सांगितलंस, येड्या? मतभेद कसले सांगत बसलास?"

"मतभेद महत्त्वाचे असतात."

"असतील. पण आधी गोष्ट."

त्या आठवड्यात मी साक्या रचल्या. रचून झाल्या की मिल्का वाचायची आणि कात्री लावायची. गुरुवार आला तेव्हा माझ्या खिशात एकही कागद नव्हता, कारण तिने निघताना खिसे तपासले.

ऋताताईंनी मात्र कीर्तन हा शब्द मनावर घेतला होता. भिंतीवर फलक लावला होता. सतरंजी घातली होती, समया पुसून ठेवल्या होत्या, आणि एका ताटात मोगऱ्याचा हार नि बुक्क्याची वाटी होती. गुडघेदुखीच्या आशेने आलेले काही जण तसेच बसले. नुसत्या 'कीर्तन' शब्दावर आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या आज्याही आल्या होत्या. कमळमावशी पुन्हा पहिल्या रांगेत. केतन दारापाशी, मोबाइल हातात.

मी पांढरा सदरा घातला होता आणि डोक्यावर आमची छोटी टोपी. मिल्काने पेटीवर सूर धरला, राजारामने हळूच विचारलं, "तोंड उघडतोस का आता?" आणि मी उघडलं.

पूर्वरंगात कीर्तनकार तत्त्व सांगतो. मी शब्द सांगितले. तोरा म्हणजे नियमांचं पुस्तक असं लोक म्हणतात, पण त्या शब्दाच्या मुळाशी शिकवण आहे, वाट दाखवणं आहे. मग मिद्राश.

"समजा, मूळ ग्रंथात एवढंच लिहिलंय की ते डोंगरापाशी आले," मी म्हणालो. "पण येताना त्यांच्या पायांत काय होतं? मुलं रडत होती का? वारा होता का? ते लिहिलेलं नाही. मग पिढ्या न् पिढ्या लोकांनी ती मोकळी जागा विचारून विचारून भरली. एक जण म्हणाला, त्या क्षणी पक्षीसुद्धा गप्प झाले. ते मिद्राश. आता तुम्ही सांगा, मावशी, तुम्ही लहानपणापासून कीर्तनं ऐकताय. कीर्तनकार हेच करतो की नाही?"

"करतो तं," कमळमावशी म्हणाल्या. "आमचा बुवा तं देवाच्या घरातली भांडीपन सांगायचा."

हशा झाला. या वेळी मीही त्यात होतो. मान वर होती, आणि समोरची तोंडं माझ्याकडे बघत होती. मिल्काने साकी उचलली:

काल वाहिल्या विटा जयांनी, आज उभे ते सारे ।
'ऐकू, पाळू' म्हणता त्यांनी, थबकुनि गेले वारे ॥

राजारामने तिहाई अशी घेतली की मागच्या बाकावरून कोणीतरी "झकास!" म्हणून ओरडलं. पूर्वरंग संपला.

आता पूर्वरंग संपला की काय होतं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण ते माझ्या बाबतीत होईल हे डोक्यातच आलं नव्हतं. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, म्हणून मध्यंतरात त्याला हार घालतात, बुक्का लावतात आणि लहानथोर त्याच्या पाया पडतात. ऋताताईंनी ताट कमळमावशींच्या हातात दिलं. ऐंशीच्या घरातली ती बाई कमरेवर हात ठेवत माझ्यासमोर आली, मला हार घातला, ताट बाजूला ठेवलं आणि वाकू लागली.

मी झटकन मागे सरलो.

विचार करून नाही. पाय आपोआप मागे गेले. घरात थोरांच्या पाया पडणारे आमच्यातही आहेत. पण प्रार्थनेच्या जागी माणसाने माणसापुढे वाकायचं नाही, माथा एकापुढेच, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे. आणि इथे तर मी देवाचंच नाव घेऊन उभा होतो.

मावशी अर्ध्या वाकलेल्या तशाच राहिल्या. मग हळूहळू सरळ झाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"का रं बाबा?" त्यांनी विचारलं. "माजा हात चालत नाय तुमाला?"

पेटी थांबली. तबल्यावरचा राजारामचा हातही थांबला. त्याच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. हात चालत नाही, हे वाक्य त्याच्या आजोबांनी किती जणांकडून ऐकलं असेल, हे मला ठाऊक होतं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. ऋताताई उठून उभ्या राहिल्या. सगळं संपलं, असं मला वाटलं. आठवडाभराची मेहनत, कोश, सगळं. आणि त्याहून वाईट म्हणजे एका म्हाताऱ्या बाईचा मी भर सभेत अपमान केला होता.

समजावून सांगायला शब्द शोधू लागलो आणि एकही सापडला नाही. इतके शब्द जमवलेला माणूस मी! मग मी व्यासपीठावरून खाली उतरलो. मावशींच्या समोर, त्यांच्या पातळीवर उभा राहिलो, आणि दोन्ही हात पुढे केले.

"मावशी, तुमचे हात द्या."

त्यांनी साशंकपणे दिले. मासे कापून कापून खरखरीत झालेले हात. मी ते माझ्या दोन्ही तळव्यांत धरले, हलकेच सोडवत बोटांवरून बोटं सरकवली, आणि माझी बोटं माझ्या ओठांना लावली.

"आता तुम्ही."

त्यांनी आपली बोटं आपल्या ओठांना लावली.

"याला आम्ही हातबोशी म्हणतो," मी म्हणालो. आवाज कुठून येत होता कोण जाणे, पण शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. "सिनेगॉगमध्ये प्रार्थना झाली की आम्ही एकमेकांना हे देतो. म्हातारा पोराला देतो, श्रीमंत गरिबाला देतो. कोणी कोणाच्या पाया पडत नाही. तुमचा हात मला चालत नाही असं नाही, मावशी. तुमचा माथा माझ्या पायांवर चालत नाही. हात तर हवाच आहे."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, शेजारच्या आजींचे हात धरले आणि आपली बोटं ओठांना लावली. त्या आजींनी पुढचीचे धरले. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तबला सोडून राजाराम खाली आला. माझ्यासमोर हात पुढे करून म्हणाला, "मला नाही का रे?" आम्ही इतकी वर्षं एकत्र डबा खाल्लेली माणसं, पण हे कधी केलं नव्हतं. त्याने हातबोशी घेतली आणि तो पुढच्या रांगेत शिरला. हातांवरून हात जात राहिले, रांगेतून रांगेत, गुडघेदुखीवाल्यांपर्यंत, पुस्तकांच्या कपाटांपाशी उभ्या असलेल्या बायकांपर्यंत. मिल्काने मागे पेटीवर नुसता सूर धरून ठेवला होता.

सगळ्यात शेवटी ते दारापाशी पोचलं. केतनने मोबाइल खिशात घातला, दोन्ही हात पुढे केले. झालं तसा तो तिथूनच म्हणाला:

"काका, हे ठीक आहे. पण माझा डाउट राहिलाच ना. पार्टी पळून गेली तर?"

या वेळी कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. ते कागदावर कधीच नव्हतं.

"केतन, तुमचा बिल्डर पळाला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"दुसरा बिल्डर बघितला."

"बरोबर केलंत. ते अ‍ॅग्रीमेंट होतं. आता सांगा, आत्ता ज्यांच्याशी तुम्ही हातबोशी केलीत, त्या आजी उद्या घरातून निघून गेल्या, सापडेनात, तर?"

केतनने शेजारच्या आजींकडे पाहिलं. "शोधायला जाईन."

"हेच ब्रीत. ते लोक पळाले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पळाले. सोन्याचं वासरू करून पुजलं, शब्द मोडला, देश घालवला, परमुलखात गेले. त्या परमुलखाला गालुत म्हणतात. पण ब्रीतमध्ये पळून गेलेल्याच्या जागी दुसरा बघत नाहीत. त्याला शोधायला जातात. सीनायनंतरची सगळी पुस्तकं, सगळे संदेष्टे, ही त्या शोधाचीच गोष्ट आहे."

कमळमावशींनी मांडीवर थाप मारली. "आता मना कललं!"

त्यानंतर जो टाळ्यांचा आवाज झाला तो मला नीट आठवत नाही. राजाराम धावत तबल्यावर गेला एवढं आठवतं. मी व्यासपीठावर चढलो आणि उत्तररंग सुरू केला: मिसरच्या विटा, समुद्र, वाळवंट, डोंगर. मी गोष्ट सांगत होतो आणि सभागृह मला मोकळ्या जागा भरून देत होतं. "मुलांना तहान लागली असेल!" एक आजी म्हणाल्या. "कोणी तरी म्हणालंच असेल, परत जाऊ या," दुसऱ्या म्हणाल्या. तेही ग्रंथात आहे, असं मी सांगितल्यावर त्यांनी अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं. जिथे देव त्या मजुरांना विचारतो, तिथे मिल्काच्या साकीची दुसरी ओळ सगळ्यांनी उचलली, आणि मुलुंड पूर्वेच्या वाचनालयात माणसं 'ऐकू, पाळू' म्हणत होती. मीही म्हणत होतो. गात होतो. बेसूर असेन. मिल्काने एकदाही माझ्याकडे डोळे वटारले नाहीत.

संपल्यावर ऋताताईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. आभार मानायचे होते, पण त्या म्हणाल्या, "झिराडकर सरांचा कोश आपण छापतोय. कार्यकारिणीतले तिघे इथे बसलेत. कोणाची हरकत असेल तर आत्ता हात वर करा."

हात वर करायचं सोडून ते तिघे टाळ्या वाजवत होते.

"आणि पुढचा गुरुवार?" मागून कोणीतरी विचारलं.

"पुढचा गुरुवार सरांचा," ऋताताई म्हणाल्या. "गुडघे थांबतील."

घरी जाताना राजाराम माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होता आणि मिल्का पुढे. मला शंका येतच होत्या. गालुत मी फार घाईत सांगितलं का? मांडलिक राजांचा मुद्दा राहून गेला का? मी राजारामला विचारलं, तर तो म्हणाला, "गप रे. जिंकलास. जिंकलेल्या माणसाने तासभर तरी गप्प बसावं."

शुक्रवारी सकाळी मी शब्बाथसाठी, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, द्राक्षं आणायला बाजारात गेलो. फळवाल्याच्या गाडीपाशी दोन बायका उभ्या होत्या. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं.

"सर, तुम्हीच ना कालचे? आम्हाला उशीर झाला हो, शेवटचंच ऐकायला मिळालं. ते मोकळी जागा भरायचं काय म्हणतात त्याला?"

एरवी मी 'नंतर सांगतो' म्हणून मान खाली घालून निघालो असतो. फळवाला द्राक्षं तोलायचं थांबून ऐकत होता, मागे रिक्षा वाजत होती, गर्दी होती.

"मिद्राश," मी म्हणालो, आणि तिथेच, गाडीला टेकून, मोठ्याने सांगायला सुरुवात केली.